टीएमटी निगेटिव्ह, पण धडधड थांबत नाही: माझा अनुभव

दादरचा पूल धावत उतरून गाडी पकडली की डब्यात उभं राहिल्यावर धडधड सुरू होते, मधूनच ठोका चुकल्यासारखा वाटतो. चेकअप पॅकेजमधली टीएमटी (ट्रेडमिल टेस्ट, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवत काढलेला इसीजी) मात्र निगेटिव्ह, आणि ऑफिसातले म्हणतात टेन्शन घेऊ नकोस. ताई, तुमच्या पोस्टमधलं हे वाचलं आणि लिहायला बसलोच, कारण हे माझंच जुनं दुखणं आहे. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करतो. त्यामुळे पुढचं सगळं एका पेशंटचं मत समजा, औषधोपचार नव्हे.

टीएमटी कशी करतात ते तुम्ही अनुभवलंच आहे, ते सोडतो. पॅकेजमधली टीएमटी बहुतेक वेळा एकाच प्रश्नासाठी असते: हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आहे का. त्यासाठी इसीजीतला, म्हणजे ठोक्यांच्या आलेखातला, एसटी नावाचा भाग खाली जातो का, ते पाहतात. तुमचा प्रश्न ठोक्यांच्या लयीचा आहे. रिपोर्टने पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलंय, दुसरा कुणी विचारलेलाच नाही.

माझ्या बाबतीत हेच झालं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. पश्चिम उपनगरातलं एक डायग्नोस्टिक सेंटर, नाव लिहीत नाही. मी आधीच सांगितलं होतं की त्रास धावताना होत नाही, थांबल्यावर होतो. टेक्निशियनने मान डोलावली. २२० वजा वय (मिनिटाला जास्तीत जास्त ठोक्यांचा ढोबळ हिशोब), त्याच्या ८५ टक्के ठोके झाले आणि पट्टा बंद! मी दमलोही नव्हतो. बाहेर रांग होती, म्हणून धाप बसायच्या आत इलेक्ट्रोड काढायला सुरुवात. जी वेळ बघायची होती, तीच बघितली नाही. हातात एक पान आलं: ‘निगेटिव्ह’. नंतर स्ट्रिप्स, म्हणजे आलेखाच्या छापील पट्ट्या, मागायला गेलो तर काउंटरवर उत्तर मिळालं, पेशंटला तेवढं देत नाही, सिस्टिममध्ये राहतही नाही. पुढे कित्येक महिने मी जिथे जाईन तिथे ते पान बघून मला अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या मिळत राहिल्या.

थांबल्यानंतरचा काळ इतका महत्त्वाचा का, ते मला नंतरच्या कार्डिओलॉजिस्टनी समजावलं. व्यायाम थांबतो तेव्हा रक्तात अ‍ॅड्रेनलिन अजून भरपूर असतं आणि दुसरीकडे व्हेगस मज्जातंतू ठोके झपाट्याने खाली आणायला लागतो. लोकल धावताना नीट उभा असलेला माणूस ब्रेक लागताना धडपडतो, तसंच काहीसं. २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये क्लीव्हलँड क्लिनिकचा २९ हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास आला होता. खालच्या कप्प्यातून येणारे जादा ठोके, म्हणजे व्हीपीसी, व्यायाम चालू असतानापेक्षा रिकव्हरीत (थांबल्यानंतरच्या काळात) वारंवार आले तर पुढच्या धोक्याचा अंदाज जास्त चांगला येतो, असं त्यात दिसलं. घाबरू नका, हा मोठ्या गटाचा हिशोब आहे, तुमचं भविष्य नव्हे.

उलटही असतं. बसल्या जागी दिसणारे जादा ठोके वेग वाढल्यावर नाहीसे झाले आणि एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदय धडधाकट असेल, तर डॉक्टर सहसा निश्चिंत होतात. वेगाबरोबर वाढत गेले, वेगवेगळ्या आकाराचे आले किंवा सलग तीन-चार आले, तर पुढे होल्टर (दिवसभर अंगावर बांधलेला इसीजी), कधी कार्डिअ‍ॅक एमआरआय. काही दुर्मिळ आनुवंशिक विकारांत आरामातला इसीजी आणि एको अगदी नॉर्मल असतात आणि गडबड फक्त व्यायामात दिसते. सीपीव्हीटी त्यातला एक, व्यायामात किंवा ताणात लय धोकादायक बिघडते तो. लाँग क्यूटी या दुसऱ्या विकारातही रिकव्हरीच्या चौथ्या मिनिटाचा क्यूटी (आलेखातलं एक अंतर, जे या विकारात लांबतं) मुद्दाम मोजतात. पहिल्याच मिनिटाला वायरी काढल्या तर काय मोजणार, कपाळ?

म्हणून माझा आग्रह असा (न पटल्यास सोडून द्या): पॅकेजवालं सेंटर नको, कार्डिओलॉजिस्ट स्वतः हजर असतील आणि शेजारी डिफिब्रिलेटर (लय बिघडल्यास शॉक देणारं यंत्र) असेल अशा हॉस्पिटलात जा. चिठ्ठीवर ‘लयीसाठी’ असं स्पष्ट लिहून घ्या. ८५ टक्क्यांवर थांबायचं की दमेपर्यंत न्यायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारा. रिकव्हरी किमान ६ मिनिटं नोंदवा म्हणावं. मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारी गोळी) चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. निदानासाठी कधी थांबवतात, गोळीचा परिणाम बघायचा असेल तर चालूच ठेवतात, ते डॉक्टर ठरवतील. आणि स्ट्रिप्स मागा, सगळ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत, पेशंटने रेकॉर्ड मागितल्यास डॉक्टरने ७२ तासांत द्यावं असं आहे. मागणी लेखी द्या, पोच घ्या. तोंडी विचारलं की काउंटरवरचे तोंडीच वाटेला लावतात.

मुंबईच्या हवेपायी एक बारीक गोष्ट: घामाने इलेक्ट्रोड सुटतात आणि आलेख असा थरथरतो की मशीन त्यालाच जादा ठोके समजतं. एसी चालू असलेली खोली मागा, छातीला क्रीम-तेल लावू नका, विरार फास्टमधून लोंबकळत थेट पट्ट्यावर जाऊ नका. मशीनने छापलेला आकडा डॉक्टरांनी आलेखावर तपासलाय ना, हेही विचारा.

माझं पुढे काय झालं? हॉस्पिटलातल्या टेस्टमध्ये पट्टा थांबल्यावर थोड्याच वेळात जादा ठोक्यांची रांग आली, सलग तीनसुद्धा. एमआरआय सुदैवाने स्वच्छ निघाला. आता गोळी चालू आहे आणि शिवाजी पार्कला चालतो, डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत.

तुमच्या पोस्टमध्ये शेवटी ओझरतं लिहिलंय, मामा पस्तिशीत झोपेतच गेले. माझ्या मते डॉक्टरांना ते सगळ्यात आधी सांगायला हवं, धडधडीच्याही आधी, वर लिहिलेले आनुवंशिक विकार आठवा. जानेवारीच्या मॅरेथॉनचे पैसे भरलेत हे कळतं, पण तपासणी होईपर्यंत धावू नका. धावताना भोवळ आली किंवा शुद्ध हरपली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सीला जा. आणि स्ट्रिप्स इथे टाकायच्या झाल्या तर नाव, वय, बारकोड झाकून टाका. काल एकाने आधार नंबरासकट टाकल्या होत्या.