वाचकांचे प्रश्न : शेडला सिडारचे शिंगल

प्रश्न : अवजारांच्या शेडला (१० बाय १० फूट, भिंती ८ फूट उंच, बाहेरून प्लायवूड) १६ इंची सिडार शिंगल (सिडार लाकडाच्या, ओळीवर ओळ चढवून लावायच्या पातळ फळ्या) लावायचे आहेत. किती बंडलं लागतील? सुरुवात कुठून करू?

उत्तर : भिंतीवर १६ इंची शिंगलचा साडेसात इंचांपेक्षा जास्त भाग उघडा ठेवत नाहीत. तुम्ही सात धरा. भिंती ३२० चौरस फूट, दार-खिडकीचे ३० वजा केले की उरले २९०. तळाचा थर दुहेरी असतो, त्याचे २३ आणि वर कापाकापीचे दहा टक्के. सात इंचांना एक बंडल सुमारे ३५ चौरस फूट झाकतं, म्हणजे दहा बंडलं मागवा.

आधी प्लायवूडवर वॉटरप्रूफ कागद लावा, खालचा पट्टा आधी आणि वरचा त्यावर चढवून. पावसाच्या जागी कागद आणि शिंगल यांच्यामध्ये हवा खेळती राहील अशी जाळीही घाला. मग एका सरळ पट्टीवर थरांच्या खुणा करून ती चारही कोपऱ्यांत धरा. खिडकीच्या खालच्या कडेला थराची रेघ जुळत नसेल तर प्रत्येक थर पाव इंच कमी-जास्त करा. तेवढा फरक डोळ्याला कळत नाही. तळाची कड जमिनीपासून निदान सहा इंच वर हवी.

शिंगल कितीही रुंद असो, दोन्ही कडांपासून पाऊण इंच आत एकेक खिळा. तो वरच्या थराची कड जिथे येणार त्या रेघेच्या एक इंच वर, म्हणजे झाकला जातो. दहा इंचांहून रुंद असेल तर मध्यभागी आणखी दोन. खिळ्याचं डोकं लाकडाला टेकलं की थांबा. आत रुतलं तर शिंगल चिरतो. वरच्या-खालच्या थरांचे सांधे किमान दीड इंच सरकवलेले असावेत.

प्रश्न : लावलेले शिंगल पावसाळ्यात फुगून उचलले गेलेत, खिळ्यांखाली काळे ओघळही आलेत. आता काय?

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत. कोरडे शिंगल एकमेकांना भिडवून लावले की ओल पिऊन रुंदावतात आणि जागा नसल्यानं उचलतात. मध्ये एक अष्टमांश ते पाव इंच फट हवी होती. ओघळ सिडारमधल्या टॅनिनची (लाकडातल्या तुरट द्रव्याची) लोखंडाशी गाठ पडल्यामुळे येतात. खिळे शक्यतो स्टेनलेसचे घ्या. जस्ताचा लेप असलेले घ्यायचे तर गरम जस्तात बुडवलेले. नुसता चकचकीत मुलामा टिकत नाही.

सगळं उखडू नका. खराब शिंगल पटाशीनं उभा फोडून काढा, लपलेले खिळे वरच्या थराखाली हॅकसॉचं पातं सरकवून कापा. नवा शिंगल फटींपुरता अरुंद करून वर सरकवा, पण ओळीपेक्षा पाव इंच खाली थांबवा. वरच्या थराच्या कडेला लागून दोन खिळे तिरपे वरच्या दिशेनं मारा. मग खालच्या कडेला लाकडी ठोकळा धरून हलकेच ठोका : शिंगल ओळीत येतो, खिळ्यांची डोकी वरच्या थराखाली जातात.

प्रश्न : रंग द्यावाच लागतो का?

उत्तर : नाही. नुसता ठेवला तर करडा होतो. स्टेन (लाकडात मुरणारा रंग) द्यायचाच तर लावण्याआधी, मागच्या बाजूसह.