सेल बाहेर निघतो का, ते आधी बघा

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग राग आला. राग तुमच्यावर नाही. घेऊन वर्षही झालं नाही तोवर टॉर्च दहा मिनिटांत मान टाकतो, सर्व्हिस सेंटरवाले "नवीन घ्या" म्हणतात, आणि रात्री येणाऱ्या लाईटवर उसाला पाणी पाजायचंय म्हणून तुम्हाला आता दीड हजारात "जास्तीत जास्त ल्युमेनचा, खिशात मावणारा" हवाय. नाव-गाव बदललं तर ही माझीच पोस्ट झाली असती.

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही, ऊसवाला आहे. त्यामुळे खालचं सगळं वापरून झालेलं मत समजा. जाणकारांनी चुकलं तिथे दुरुस्त करावं.

ल्युमेनचं, म्हणजे उजेडाच्या मापाचं, नंतर बोलू, आधी सेल. माझा जुना टॉर्च बांधणीला एक नंबर होता. जाड अॅल्युमिनियम, घट्ट क्लिप, चिखलाच्या हातानेही दाबता येईल असं बटण. फक्त सेल आत कायमचा बंद. पावसाळा संपता संपता तो चार्ज धरेना. बिल होतं, वॉरंटी होती, म्हणून एसटीने शहरात त्यांच्या अधिकृत केंद्रात गेलो. टोकन घेऊन बसलो. नंबर आल्यावर कळलं की वॉरंटी टॉर्चला एक वर्ष, पण आतल्या बॅटरीला सहा महिने. बरं, म्हटलं, पैसे घ्या आणि बॅटरी बदला. तर बॅटरी सुट्टी येत नाही, अख्खं युनिट येतं. मग युनिट द्या. तर ते मॉडेल बंद झालंय. तरी "ठेवून जा, चेक करतो" म्हणाले. का ठेवून घेतला ते आजवर समजलेलं नाही.

फोन करकरून परत मिळाला तेव्हा पुढच्या रिंगवर पकडीचे ओरखडे होते आणि काचेखालची रबरी रिंग गायब. दुरुस्ती शून्य. मी अजून स्टँडवरच होतो, तेवढ्यात मेसेज आला: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, कृपया पाचपैकी गुण द्या.

मग तालुक्यातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या पोराने तो उघडला. आत काय निघालं? साधा 18650 सेल, 18 मिमी जाडीचा आणि 65 मिमी लांब, जगात सगळीकडे मिळणारा. त्याला पत्र्याच्या पट्ट्या वेल्ड करून ठेवल्या होत्या, एवढंच. दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूसाठी त्यांनी मला टॉर्च फेकायला सांगितलं होतं. पोराने सेल बसवला, टॉर्च पेटलाही, पण ती रबरी रिंग नव्हती. पुढच्याच पावसात काचेच्या आत वाफ धरली आणि खेळ संपला.

म्हणून माझा नियम एकच आहे, आणि तो टोकाचा वाटला तरी चालेल: बुडाची टोपी फिरवून सेल हातात येत नसेल, तर टॉर्च कितीही देखणा असो, घेऊ नका. लिथियम सेल कमी-जास्त काळात उतरणारच. आत 18650 किंवा त्याहून थोडा मोठा 21700 असेल तर तुम्ही मोकळे. मात्र काही कंपन्या साईज तीच ठेवून सेलची अधिक-उणे दोन्ही टोकं एकाच बाजूला आणतात, म्हणजे पुन्हा त्यांचाच सेल घ्यावा लागतो. तेही टाळा.

सुटा सेल घेताना 9900 एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) असं काही छापलेलं दिसलं तर सरळ उठून या. 18650 मध्ये खरे 3500च्या आसपासच मावतात. गावात तपासायचं असेल तर सोनाराच्या काट्यावर ठेवा. चांगला सेल साधारण 45 ग्रॅम भरतो, नकली बराच हलका निघतो. भारतीय मानक IS 16046 चा शिक्का आणि R ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही बघा.

आता ल्युमेन. बोटाएवढ्या टॉर्चमध्ये हजार ल्युमेनला साधारण दहा वॉट लागतात आणि ती उष्णता जायला जागा नसते. म्हणून चांगला टॉर्च मिनिटा-दोन मिनिटांत स्वतःच उजेड उतरवतो. वाईट टॉर्च उतरवत नाही आणि भाजतो. खोक्यावरचे "तीन तास" पण नीट समजून घ्या. एफएल-1 नावाच्या टॉर्चसाठीच्या मानकात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात, म्हणजे शेवटी शेवटी हजारचे शंभर उरले तरी घड्याळ चालूच. "200 मीटर"सुद्धा पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पोचेपर्यंतचं अंतर असतं, मी त्यातलं निम्मंच धरतो. दारं धरायला, म्हणजे रानात पाणी फिरवायला, दोनशे ल्युमेन पुष्कळ होतात आणि एका बऱ्या 18650 वर ते चार-पाच तास मिळतात. तेव्हा मधला मोड एकसारखा किती वेळ टिकतो, ते विक्रेत्याला विचारा. तुमच्या प्रश्नातल्या, वीस हजार ल्युमेनची जाहिरात पाठवणाऱ्या मेव्हण्याला माझा नमस्कार सांगा.

उजेडाच्या रंगाकडे कोणी बघत नाही, पण आपल्या कामात तोच महत्त्वाचा. निळसर पांढऱ्या उजेडात पाचट, माती आणि घोणस सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप) 90 च्या पुढे आणि रंग 4000 ते 5000 केल्व्हिन, म्हणजे ना निळसर ना पिवळा, असलेला घ्या. ल्युमेन थोडे कमी मिळतील, मिळू देत. (तरी गमबूट घालाच. मण्यार रात्रीच फिरते. आणि चावलंच तर थेट सरकारी दवाखाना, वाटेत कोणाकडे विष उतरवायला थांबू नका.)

पाण्याचं: IPX हे पाणी रोखण्याचं रेटिंग. IPX4 म्हणजे नुसते शिंतोडे. IPX7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पाटात पडणाऱ्या माणसाला हाच हवा. पण हे रेटिंग त्या रबरी रिंगच्या जिवावर असतं. आट्यांवरची माती पुसून थोडं सिलिकॉन ग्रीस लावत जा, आरओ फिल्टर दुरुस्त करणाऱ्यांकडे असतं. जादा रिंगा खोक्यात येतात, त्या फेकू नका. खिशात ठेवताना टोपी पाव फेरा सैल केली की बहुतेक टॉर्चचा प्रवाह तुटतो आणि चुकून पेटत नाही. दुकानातच हे करून बघा.

चार्जिंगचं भोक टाईप-सी असलं तरी दोन्ही टोकं टाईप-सी असलेल्या केबलवर काही स्वस्त टॉर्च चार्जच होत नाहीत, जुन्या चपट्या टोकाची केबल लागते. टॉर्च बिघडला असं समजून धावाधाव नको. बुडाला चुंबक असलेला मिळाला तर उत्तम, पंपाच्या स्टार्टरच्या पेटीला चिकटतो आणि फ्यूज बघताना टॉर्च तोंडात धरावा लागत नाही.

ब्रँड मुद्दाम सांगत नाही, इथे लगेच भांडणं लागतात. तुमचा आत्ताचा टॉर्च मात्र टाकू नका. वॉरंटी कार्डावर बॅटरीची मुदत वेगळी छापलेली नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. बिलाचा आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो तयार ठेवा, आणि केंद्राकडून "नवीन घ्या" हे आधी लेखी घ्या. तोंडी बोललेलं नंतर कोणालाच आठवत नाही.