लोकशाही हवी असेल तर त्यावर आणखी संघराज्य कशाला मागायचं? म्यानमारमधला शान लोकांचा एसएनएलडी पक्ष फुटीरतावादीच होता ना?

नाही. एसएनएलडी, म्हणजे शान नॅशनॅलिटीज लीग फॉर डेमोक्रसी, हा पक्ष १९८८ च्या लोकशाहीवादी उठावानंतर निघाला आणि देशात राहूनच संघराज्य मागत आला. शान भागात १९५८ पासून काही गटांनी शस्त्रं उचलली हे खरं, पण तो प्रवाह वेगळा. दोन्हींची सरमिसळ लष्कराने मुद्दाम केली.

मुळात फुटून निघायची मुभा घटनेतच होती. १२ फेब्रुवारी १९४७ ला पांगलाँगमध्ये स्वातंत्र्यलढ्याचे नेते आंग सान यांनी शान, काचिन आणि चिन नेत्यांशी करार केला. अंतर्गत कारभारात तुम्हाला स्वायत्तता मिळेल, ही त्यातली बोली. त्याच वर्षीच्या घटनेने शान आणि करेन्नी राज्यांना स्वातंत्र्यानंतर दहा वर्षांनी बाहेर पडायचा हक्क दिला. मुदत १९५८ मध्ये भरली. तरीही जून १९६१ मध्ये शान राज्याची राजधानी तौंजी इथे भरलेल्या परिषदेत शान नेते म्हणाले ते एवढंच, की घटना दुरुस्त करा आणि खरंखुरं संघराज्य करा. त्यावर तेव्हाची राजधानी रंगूनमध्ये बोलणी चालू असतानाच २ मार्च १९६२ ला लष्करप्रमुख ने विन यांनी सत्ता बळकावली. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष साओ श्वे थाइक स्वतः शान होते. त्याच वर्षी ते लष्कराच्या कैदेत वारले. ‘संघराज्य म्हणजे देशाचे तुकडे’ हे पालुपद लष्कराने तेव्हापासून लावून धरलंय.

आता तुमचा पहिला प्रश्न. नुसत्या निवडणुकांनी का भागत नाही, ते २००८ च्या घटनेच्या कलम २६१ मध्ये दिसतं. आपल्याकडे विधानसभेत ज्याचं बहुमत, त्याचा मुख्यमंत्री. तिथे राज्याचा मुख्यमंत्री राष्ट्राध्यक्ष नेमतात. तो त्या विधिमंडळाचा सदस्य असला की झालं. विधिमंडळाला तो नाकारताही येत नाही, पात्रतेची अटच मोडत असेल तेवढं सोडून. २०१५ मध्ये राखाइन राज्यात सर्वाधिक जागा तिथल्या प्रादेशिक आराकान नॅशनल पार्टीला मिळाल्या आणि शान राज्यात आंग सान स्यू ची यांचा एनएलडी पक्ष तिसरा आला. २०१६ मध्ये दोन्हीकडे मुख्यमंत्री एनएलडीचेच झाले. म्हणजे केंद्रात लोकशाहीवादी पक्ष सत्तेवर बसला, तरी राज्यांच्या हाती काही आलं नाही. माझ्या मते छोट्या प्रादेशिक पक्षांचं खरं दुखणं हेच आहे.

बरं, घटना बदलायची तर? इथे हिशेब करून बघा. कनिष्ठ सभागृहात ४४० जागा, त्यातल्या ११० लष्कराने नेमलेल्या. वरिष्ठ सभागृहात २२४, त्यातल्या ५६. एकूण ६६४ मधून १६६ वजा केल्या की निवडून आलेले उरतात ४९८, आणि ४९८ म्हणजे बरोब्बर ७५ टक्के. कुठलंही कलम बदलायला हवीत ७५ टक्क्यांहून जास्त मतं, म्हणजे किमान ४९९. देशातला निवडून आलेला प्रत्येक सदस्य एका बाजूला उभा राहिला, तरी एक गणवेशधारी मत लागतंच. काही कलमांना त्यावर सार्वमतही लागतं.

पक्ष छोटा असला तरी तिथली निवडणूक पद्धत (आपल्यासारखीच, मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी) त्याच्या सोयीची होती, कारण मतं एका भागात एकवटलेली. १९९० मध्ये देशभरातली दोन टक्केसुद्धा मतं नसताना एसएनएलडीने २३ जागा जिंकल्या आणि ३९२ जागांच्या एनएलडीनंतर दुसरा क्रमांक पटकावला. लष्कराच्या मर्जीतल्या पक्षाला २१ टक्के मतं पडूनही जागा मिळाल्या फक्त १०. मात्र हीच पद्धत मतविभागणी झाली की उलटते. २०१० ची निवडणूक एसएनएलडीने लढवली नाही. त्याची जागा दुसऱ्या शान पक्षाने, एसएनडीपीने, घेतली. पुढे दोघेही रिंगणात उतरले तेव्हा एकाची खूण वाघाचं डोकं आणि दुसऱ्याची पांढरा वाघ. एकाच मतदाराकडे दोन वाघ मत मागायला!

किंमतही मोठी मोजावी लागली. अध्यक्ष खुन टुन ऊ यांना फेब्रुवारी २००५ मध्ये पकडून ९३ वर्षांची शिक्षा सुनावली आणि अगदी उत्तरेला, काचिन राज्यातल्या पुताओच्या तुरुंगात ठेवलं. ते जानेवारी २०१२ मध्ये सुटले. त्यांच्यावर आरोप होता देशद्रोहाचा, आणि पक्षाचं काम तर कागद, सभा आणि मतपेटी यांच्या पलीकडे गेलेलं नव्हतं.

एक अडचण मात्र पक्षालाही चुकत नाही. शान राज्यात फक्त शान राहत नाहीत. पाओ, तआंग, वा, कोकांग, काचिन, दनू असे कितीतरी समाज आहेत आणि त्यातल्या पाचांना २००८ च्या घटनेने स्वयंशासित भाग दिलेत. रंगून किंवा आताची राजधानी नेपिडो यांच्याकडून जे मागायचं, ते तौंजीने वा आणि पाओंनाही द्यायला हवं. सध्या संघराज्याचे जे मसुदे फिरताहेत, ते वाचताना आधी हेच शोधा. मग बघा मुख्यमंत्री कोण निवडणार, आणि जमीन-खनिजं कोणाची; कारण २००८ च्या कलम ३७ प्रमाणे ती सगळी सरकारच्या मालकीची आहेत.

पक्षाची आजची अवस्था विचाराल, तर २०२१ मध्ये पुन्हा सत्ता बळकावलेल्या लष्कराने जानेवारी २०२३ मध्ये नवा पक्षनोंदणी कायदा आणून ६० दिवसांत फेरनोंदणी करायला सांगितलं. एसएनएलडीने नकार दिला. २८ मार्च २०२३ ला एनएलडीसह ४० पक्षांची नोंदणी गेली, त्यात हाही होता.