प्रागमधला मानवाधिकार चित्रपट महोत्सव: सामान्य प्रेक्षकाने जावं का?

तुम्ही विचारलंय: "मार्चमध्ये ऑफिसच्या कामाने महिनाभर प्रागला असेन. तिथे मानवाधिकारांवरच्या चित्रपटांचा मोठा फेस्टिव्हल भरतो म्हणे. मी चळवळीतला माणूस नाही, चेक भाषा येत नाही. जाऊन काही कळेल का, की नुसतं डोकं जड होईल?"

डोकं जड होईल. तरीही जा.

मी प्रागमध्ये राहायला आले त्या वर्षी पहिल्यांदा गेले, ती नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एका चेक बाईने तिकीट हातात कोंबलं म्हणून. फेस्टिव्हलचं नाव 'येडेन स्व्येत', म्हणजे 'एक जग'. 1999 पासून चालू आहे. भरवणारी संस्था 'च्लोव्येक व तीस्नी', अर्थ 'अडचणीतला माणूस'. ही मंडळी युद्धग्रस्त, भूकंपग्रस्त भागांत मदत पोचवतात, आणि तिथे काय चाललंय ते घरच्या लोकांना दिसावं म्हणून हा फेस्टिव्हल. सुरू करणाऱ्यांत इगोर ब्लाझेविच हे मूळचे नव्वदच्या दशकात युद्धात होरपळलेल्या बोस्नियाचे, त्यामुळे आपल्या शेजारचं युद्ध टीव्हीवर बघून लोक चॅनेल कसा बदलतात हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

भाषेची काळजी करू नका. बहुतेक माहितीपटांना चेकसोबत इंग्रजी सबटायटल्स असतात. फक्त तिकीट काढताना कार्यक्रमपत्रिकेत त्या खेळापुढे काय लिहिलंय ते बघा. मी एकदा न बघता गेले आणि दीड तास चेकचा वर्ग करून आले.

आता खरा मुद्दा. चित्रपट निवडताना विषय बघू नका, खेळानंतर चर्चा आहे का ते बघा. माहितीपट तुम्हाला पुढेमागे घरी बसूनही सापडेल, हॉलमधली माणसं सापडणार नाहीत. इथे पन्नाशीच्या पुढचा जो कोणी शेजारी बसलेला असतो, त्याने 1989 पर्यंतची कम्युनिस्ट राजवट अंगावर काढलेली असते. कुणाचा बाप सरकारला जाब विचारणाऱ्या निवेदनावर सही केली म्हणून नोकरीवरून गेला, कुणाचा सही केली नाही म्हणून टिकला, आणि दोघांची मुलं एकाच रांगेत बसलेली. असे लोक प्रश्न विचारतात तेव्हा "फार सुंदर फिल्म, अभिनंदन" असलं काही नसतं. एका पत्रकाराच्या अटकेवरच्या फिल्मनंतर एक आजोबा उभे राहिले आणि दिग्दर्शिकेला म्हणाले, "तुमच्या फिल्ममध्ये दार उघडून देणारा तो शेजारी स्पष्ट दिसतो. तो आज कुठे आहे?" तिने बराच वेळ घेतला. मग म्हणाली, त्याची परवानगी घेतली होती. आजोबा म्हणाले, "परवानगी नाही विचारली मी." हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. फिल्मचं नाव मी विसरलेय, हे विसरले नाही.

या शहरात हा फेस्टिव्हल रुजला त्याला कारण आहे. 1977 साली इथल्या काही लोकांनी 'चार्टर 77' नावाचं निवेदन काढलं: सरकारने स्वतः सही केलेले मानवाधिकारांचे करार पाळावेत, एवढंच मागणं. पहिल्या तीन प्रवक्त्यांपैकी एक नाटककार वाक्लाव हावेल, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते. दुसरे तत्त्वज्ञ यान पातोच्का, पोलिसांच्या दीर्घ चौकशांनंतर त्याच वर्षी मार्चमध्ये वारले. आणि 2008 च्या डिसेंबरात चीनमध्ये त्याच धर्तीवर 'चार्टर 08' निघाला, आणि तो काढणाऱ्यांपैकी लेखक ल्यू श्याओबो तुरुंगात गेले. 2009 च्या मार्चमध्ये हा फेस्टिव्हल भरवणाऱ्या संस्थेने आपला 'होमो होमिनी' हा मानवाधिकारांसाठीचा पुरस्कार त्यांना आणि सह्या करणाऱ्यांना दिला, हावेल यांच्या हस्ते. सह्या करणाऱ्यांपैकी तिघेजण तो घ्यायला आले होते. ल्यूंना शांततेचं नोबेल मिळालं ते त्यानंतर, 2010 मध्ये.

'लुत्सेर्ना' थिएटरात एखादा तरी खेळ बघाच. वाक्लाव चौकाजवळची ही इमारत हावेल यांच्या आजोबांनी बांधलेली. पॅसेजमध्ये उताणा मेलेला घोडा छताला टांगलाय आणि त्याच्या पोटावर चेक लोकांचे रक्षक संत वाक्लाव बसलेत, दाविद चेर्नी या शिल्पकाराचा खोडसाळपणा. 'स्व्येतोझोर' थिएटर तिथून दोन मिनिटांवर. प्रागमधलं संपलं की फेस्टिव्हल देशभरातल्या लहानमोठ्या गावांत जातो, त्यामुळे तारखा हुकल्या तरी हळहळू नका, ट्रेनने तास-दीड तासावरच्या गावात तो सापडेल. तिथली गर्दी कमी, गप्पा जास्त.

मुंबईकरांना हे सगळं अगदीच परकं वाटू नये. 2004 च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी, म्हणजे 'मिफ'साठी, भारतीय माहितीपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र मागितलं गेलं. दिग्दर्शकांनी एकजुटीने विरोध केला, अट मागे घेतली गेली, पण निवड जाहीर झाली तेव्हा गुजरात दंगलींवरच्या फिल्मसारख्या कितीतरी टोकदार फिल्म यादीत नव्हत्या. मग त्यांनी त्याच दिवसांत प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात आपला वेगळा महोत्सव भरवला, 'विकल्प' नावाने. मी तेव्हा कॉलेजात होते, मैत्रिणीच्या मागे लागून गेले आणि भिंतीला टेकून बसले. प्रागच्या गुबगुबीत खुर्चीत बसताना ती भिंत आठवते. इथल्या आयोजकांना वरून मंजुरी आणायची नसते, तेवढा एक फरक मला दर वर्षी नव्याने जाणवतो.

व्यवहाराचं सांगते. दिवसाला दोनपेक्षा जास्त फिल्म बघू नका. मी हौसेने चार बघितल्या होत्या, चौथीत कोण कुठल्या देशातला हेच कळेना. चर्चेच्या खेळांच्या जागा आधी भरतात, म्हणून तिकिटं सुरू झाली की त्याच दिवशी काढा. चर्चा इंग्रजीत किंवा दुभाष्यासह आहे का, तेही बघून ठेवा. आणि संध्याकाळच्या खेळानंतर लगेच ऑफिसचं जेवण ठरवू नका, निदान पहिल्या दिवशी.