नोट्सचं ॲप घेण्याआधी एवढं बघ

आजीकडून धालोची (गोव्यात पौषात बायका रात्री फेर धरून नाचतात, त्या उत्सवाची) गाणी उतरवून घेतोयस हे फार चांगलं करतोयस, थांबू नकोस. ती ठेवायला छोट्या डेव्हलपरचं ॲप घेऊ का म्हणतोस, तर बिनधास्त वापर, फक्त पहिल्याच दिवशी चार गाणी टाकून एक्स्पोर्ट करून बघ, ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली, ओळी जागच्या जागी राहिल्या आणि जोडाक्षरं फुटली नाहीत तरच पुढे जा. नुसती पीडीएफ देत असेल तर नको, टेक्स्ट किंवा मार्कडाउनच (साध्या खुणा घातलेलं टेक्स्ट) पाहिजे.

नवीन लोक इथे फसतात:
- सिंकलाच (ॲपच्या सर्व्हरवरून नोट्स सगळ्या डिव्हाइसवर सारख्या ठेवणं) बॅकअप समजतात, पण ॲप बंद पडलं की सिंकही गेलं. स्किफ हे ईमेल-नोट्सचं ॲप 2024 मध्ये नोशन या दुसऱ्या नोट्स ॲपच्या कंपनीने घेतलं आणि त्याच वर्षी बंद झालं.
- लाइफटाइम प्लॅन घेतात, पण ती लाइफ ॲपची असते!

ऑब्सिडियन या नोट्स ॲपमध्ये फाइल्स आपल्याच फोनात राहतात, पावसात फोंड्याला नेट गेलं तरी उघडतात. टॅग, प्लगिन सध्या सोड. महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर कॉपी मार, आणि पौषात धालो सुरू व्हायच्या आत हे उरक.