सर्वाधिक मतं मिळूनही पद गेलं : व्हरमाँट, १७८९

तुम्ही विचारलंय की १७८९ साली व्हरमाँटमध्ये (आज अमेरिकेचं एक राज्य) थॉमस चिटेंडन यांना सर्वात जास्त मतं पडली असताना विधिमंडळाने मोझेस रॉबिन्सन यांना गव्हर्नर, म्हणजे तिथला निवडून आलेला कारभारप्रमुख, केलं, ही लोकमताची लूट नाही का? माझं स्पष्ट मत : नाही.

घोळ 'बहुमत' या शब्दात आहे. इतरांपेक्षा चार मतं जास्त मिळाली तरी आपण 'बहुमताने निवडून आला' म्हणतो. व्हरमाँटमध्ये मात्र एकूण मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागत. चिटेंडन यांना १२६३ मतं, रॉबिन्सन यांना ७४६, सॅम्युएल सॅफर्ड यांना ४७८, उरलेली इतरांना. चिटेंडन जेमतेम ४४ टक्क्यांवर थांबले. म्हणजे मतदारांकडून निवड झालीच नव्हती. ती विधिमंडळाने करायची होती, आणि पहिल्यालाच निवडा असं बंधन त्यांच्यावर नव्हतं.

मुळात मतं फुटली का? चिटेंडन १७७८ पासून सलग गव्हर्नर होते. व्हरमाँट तेव्हा अमेरिकेच्या संघराज्यातही नव्हतं, स्वतःचा कारभार स्वतः बघत होतं. वुडब्रिज नावाच्या गावाची सनद, म्हणजे तिथल्या जमिनीचा हक्क, त्यांनी विधिमंडळाला न विचारता आपले जवळचे सहकारी आणि माजी खजिनदार आयरा ॲलन यांना दिल्याचं उघड झालं. ज्या राज्याची खरी पुंजी जमीनच, तिथे हा आरोप फार जड होता. विधिमंडळाने तो गंभीरपणे घेतला हे मला योग्यच वाटतं.

शिवाय मुदत एकाच वर्षाची होती. १७९० मध्ये मतदारांनी चिटेंडन यांना परत आणलं आणि ते १७९७ पर्यंत राहिले. लूट झाली असती तर ती इतक्या सहज परत मिळाली नसती.

या नियमाचा खरा दोष वेगळाच आहे. १८३५ साली ६३ वेळा मतदान घेऊनही विधिमंडळाला गव्हर्नर निवडता आला नाही. शेवटी उपगव्हर्नर सायलस जेनिसन यांनी कारभार चालवला. टीका करायची तर यावर करा.

आणखी एक गोष्ट, मला फार आवडणारी. १८५३ मध्ये सर्वाधिक मतं एरास्टस फेअरबँक्स यांना होती, पण विधिमंडळाने निवडलं जॉन रॉबिन्सन यांना. हे मोझेस रॉबिन्सन यांचे नातू!

नियम आजही आहे. २०१४ च्या निवडणुकीत कुणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत, तेव्हा जानेवारी २०१५ मध्ये विधिमंडळाने पीटर शमलिन यांना ११० विरुद्ध ६९ मतांनी निवडलं. या वेळी मात्र जनतेतही तेच पुढे होते.