त्याचा ‘हो’ म्हणजे त्याचा निर्णय नव्हे

प्रश्न : माझा मुलगा २३ वर्षांचा असून त्याला सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. तो कार्यशाळेत कागदी पिशव्या बनवतो. तिथे स्वनिर्णयक्षमता तपासण्यासाठी प्रश्नावली भरून घेतली. तो प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणू लागला, तेव्हा उरलेली उत्तरे मीच दिली. गुण कमी आले. आता नातेवाईक म्हणतात, कायदेशीर पालकत्वाचे कागद करून सगळे निर्णय तुम्हीच घ्या. तसे करावे का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, त्या गुणांवरून तसे काहीही ठरवू नका. या विषयातील एक परिचित मोजपट्टी अमेरिकेत मायकेल वेमायर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९५ मध्ये तयार केली. तिच्या ७२ प्रश्नांतून स्वायत्तता, स्वतःच्या वागण्याचे नियमन, आपल्या करण्याने फरक पडतो हा विश्वास आणि स्वतःची जाण या चार बाजू पाहिल्या जातात. प्रश्न वाचून दाखवता येतात, सोपे करून सांगता येतात. उत्तर मात्र त्या व्यक्तीचेच असावे लागते. आईने दिलेली उत्तरे आईचा अंदाज सांगतात.

‘हो’चा अर्थही नीट पाहायला हवा. मोठ्यांना होकार दिला की सगळे खूश होतात, हे ही मुले लहानपणापासून शिकलेली असतात. म्हणून तोच प्रश्न ‘हो’ म्हणून भागणार नाही अशा तऱ्हेने विचारावा. ‘तुला पिशव्यांचे काम आवडते ना?’ याऐवजी एक पिशवी आणि एक पणती पुढे ठेवून ‘उद्या काय करशील?’ असे विचारावे आणि थांबावे. माझ्या वर्गातील एका मुलाला उत्तर द्यायला पुरते एक मिनिट लागले. तोवर त्याची मावशी दोनदा त्याच्या वतीने बोलून गेली होती. त्याने पणतीवर बोट ठेवले.

शिवाय कोणता सदरा घालायचा, हेही ज्याला कधी विचारले गेले नाही, त्याचे गुण कमीच येणार. त्यात क्षमतेइतकीच संधीचीही मोजणी झालेली असते.

कागदांबाबत सांगायचे तर, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. ते ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून असते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमणाऱ्या स्थानिक स्तर समितीलाही पालकाची गरज आहे का आणि नेमकी कशासाठी, हे तपासावे लागते. बँकेचा व्यवहार अडत असेल, तर तेवढेच कारण घेऊन समितीकडे जा, आणि मुलाला बरोबर न्या.